स्वयंपाकघरातील कोठीची खोली आणि तिचे दार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत स्वयंपाकघराचे काम काढणारी मंडळी कोठीच्या खोलीबद्दल आम्हांला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. आलेल्या बहुतेक पत्रांत फळ्या, ट्रॉल्या आणि डबे यांची चौकशी असते. दाराचा विचार शेवटी, सुतार दारात येऊन उभा राहिला की होतो. आमच्या मते क्रम उलटा हवा. आत किती फळ्या बसतील, हवा कशी खेळेल, उंदीर शिरेल की नाही आणि ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला त्रास होईल की नाही, हे सारे दारावर ठरते. मापे फूट-इंचांत दिली आहेत, कारण गवंडी आणि सुतार त्याच मापांत बोलतात.

१. कोठीची खोली करायची तर किमान किती जागा लागते?

माणसाला आत शिरून, खाली वाकून, तळच्या फळीवरचा भरलेला डबा उचलून सरळ उभे राहता आले पाहिजे. त्यासाठी फळ्यांच्या पुढे अडीच फुटांची मोकळी पट्टी लागते. एकाच भिंतीला सव्वा फूट रुंद फळ्या लावल्या, तर खोलीची आतली रुंदी पावणेचार फूट होते. दोन्ही भिंतींना तशाच फळ्या हव्या असतील, तर ती पाच फूट होते. मधला मार्ग असा की एका बाजूला एक फूट आणि समोर बरण्या-बाटल्यांपुरत्या नऊ इंचांच्या फळ्या लावाव्यात. मग सव्वाचार फुटांत काम भागते. कागदावर आखण्यापूर्वी जमिनीवर खडूने खोलीची हद्द काढावी, फळ्यांच्या रेषा ओढाव्यात आणि घरातल्या सर्वांत धिप्पाड माणसाला त्या चौकटीत वाकून पंधरा किलोचा डबा उचलायला सांगावे. नकाशात न दिसलेली अडचण तेथे लगेच दिसते.

२. आमचा फ्लॅट साडेचारशे चौरस फुटांचा आहे. स्वतंत्र खोली करावी की उंच कपाटच बरे?

कपाटच बरे. हिशेब सोपा आहे. सहा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद खोलीत एकाच बाजूला फळ्या लावल्या, तर साडेबावीस चौरस फूट जागा खर्ची पडते; तेवढ्याच फळ्यांचे जमिनीपासून छतापर्यंतचे कपाट साडेसात चौरस फुटांत उभे राहते. उरलेले पंधरा चौरस फूट केवळ उभे राहण्यासाठी गेलेले असतात. लहान घरात खोलीचा विचार दोनच वेळा करावा: दोन किंवा तीन भिंतींना फळ्या लागणार असतील तेव्हा, किंवा कॉलममागचा कोपरा, बंद केलेली मोरी, जुनी कोळशाची खोली अशी एरवी वाया जाणारी जागा हाताशी असेल तेव्हा.

३. ड्राय बाल्कनी, फ्लॉवर बेड किंवा डक्टची जागा कोठीसाठी घेता येईल का?

डक्टची जागा कधीच घेऊ नये. त्या पोकळीतून साऱ्या मजल्यांचे सांडपाण्याचे आणि पिण्याच्या पाण्याचे नळ जातात, आणि ती बंद झाली की दुरुस्तीसाठी प्लंबरला उतरता येत नाही. शिवाय ती जागा तुमच्या फ्लॅटची नसून सर्वांची असते. फ्लॉवर बेड हा बाहेर काढलेला स्लॅब असतो, आणि धान्याच्या कोठ्या ठेवण्याच्या हिशेबाने तो बांधलेला नसतो. शिवाय तो खोलीत मिसळून घेणे हे मंजूर नकाशाबाहेरचे काम होते.

ड्राय बाल्कनीचा मोह समजण्यासारखा आहे, कारण ती स्वयंपाकघराला लागूनच असते. परंतु तेथे कपडे धुण्याच्या यंत्राचा नळ, नहाणी ट्रॅप (सांडपाणी उतरण्याचे जाळीदार तोंड) आणि वरच्या मजल्याचे पाइप असतात; पावसाची झड आत येते; आणि ती बंद केली की स्वयंपाकघराची हवा आणि उजेड दोन्ही कमी होतात. धान्यासाठी ही घरातली सर्वांत वाईट जागा आहे. बादल्या, पाट, मोठी पातेली, सणावारी लागणारी परात असे ओलाव्याने न बिघडणारे सामान तेथे जरूर ठेवावे.

४. दारासाठी भिंत फोडायची आहे. ती फोडण्याजोगी आहे, हे कसे ओळखावे?

ठोकून येणाऱ्या आवाजावर किंवा कंत्राटदाराच्या अंदाजावर हे ठरवू नये. मुंबईत ढोबळमानाने तीन तऱ्हेच्या इमारती भेटतात. पहिल्या तऱ्हेत कॉलम-बीमच्या सांगाड्यावर उभ्या असलेल्या इमारती येतात. त्यांच्यातली चार इंची विटांची किंवा सिपोरेक्सची (हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची) आतली भिंत बहुधा केवळ आडोसा असते आणि तिच्यात दार काढता येते. दुसऱ्या तऱ्हेत गिरगाव, दादर, परळ भागांतील जुन्या, भिंतींवरच भार पेलणाऱ्या इमारती येतात. तेथे जाड भिंतीला हात लावणे म्हणजे वरच्या मजल्याच्या आधाराला हात लावणे होय. तिसरी तऱ्हा नव्या टॉवरांची असून त्यांपैकी अनेक मिवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत सलग काँक्रीट ओतून बांधलेले असतात. तेथे आतल्या भिंतीही लोखंड घातलेल्या काँक्रीटच्या असतात आणि त्या फोडायच्या नसतातच. अशा घरात आहे त्या मोकळ्या दारालाच कोठीचे दार मानून आखणी करावी.

सोसायटीकडे इमारतीचे आर.सी.सी. (लोखंड घातलेल्या काँक्रीटच्या सांगाड्याचे) नकाशे असतात, ते मागून घ्यावेत आणि परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी मत घ्यावे. भिंत आडोशाचीच ठरली तरी उघडणीच्या वर लिंटेल (वरचा भार पेलणारी आडवी तुळई) टाकावी लागते आणि ती दोन्ही बाजूंना किमान सहा इंच भिंतीवर टेकली पाहिजे. फोडण्यापूर्वी भिंतीतून विजेच्या वायरींची नळी गेली आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

५. परवानगी कोणाची लागते?

सोसायटीची लेखी परवानगी प्रत्येक वेळी घ्यावी. अर्जासोबत जुना आणि नवा नकाशा, इंजिनिअरचे पत्र आणि कामाचे दिवस द्यावेत. अनेक सोसायट्या अनामत रक्कम आणि डेब्रिज हलवण्याची हमीही घेतात. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४२ मध्ये इमारतीत भर घालण्याची किंवा बदल करण्याची सूचना महापालिकेला देण्याची तरतूद आहे. फरशी, रंग, फळ्या हे प्रश्न वेगळे; पण भिंत पाडणे किंवा हलवणे असेल, तर आर्किटेक्टमार्फत वॉर्ड कार्यालयाची प्रक्रिया पूर्ण करूनच हातोडा उचलावा. पागडीच्या (ठोक रक्कम देऊन जुन्या भाडेपद्धतीने घेतलेल्या) घरासाठी प्रश्न १६ पाहावा.

६. दाराची रुंदी किती ठेवावी?

चौकट बसल्यावर आणि झडप पूर्ण उघडल्यावर आरपार उरणारी मोकळी रुंदी किमान सव्वीस इंच असावी. दोन्ही हातांनी डबा छातीशी धरला की कोपरे बाहेर येतात, आणि याहून अरुंद दारात ती चौकटीला घासतात. येथे एक चूक सर्रास होते: गवंड्याला ‘सव्वादोन फूट’ सांगितले जाते आणि तो भिंतीत तेवढीच उघडण ठेवतो. चौकटीचे दोन्ही खांब मिळून पाच इंच खातात आणि उघडलेल्या झडपेची जाडी आणखी दीड इंच खाते. म्हणजे वापरायला जेमतेम वीस इंच उरतात. सव्वीस इंच मोकळे हवे असतील तर भिंतीतली उघडण साडेबत्तीस इंचांची सांगावी. घरात वॉकर वापरणारे कोणी असेल, तर मोकळी रुंदी बत्तीस इंचांपर्यंत न्यावी. पत्र्याची मोठी धान्यकोठी ठेवायची असेल, तर तिचा घेर आधी मोजावा, नाहीतर ती दारातच अडेल.

७. दार कोणत्या प्रकारचे करावे?

या प्रश्नाचे एकच उत्तर नाही, पण मुंबईच्या स्वयंपाकघरांत आमचा कौल दोन झडपांच्या, बाहेर उघडणाऱ्या दाराकडे आहे. अडीच फुटांची एक झडप उघडताना जमिनीवर जवळजवळ पाच चौरस फुटांचा पाव गोल अडवते. तीच रुंदी सव्वा-सव्वा फुटांच्या दोन झडपांत विभागली, तर दोन्ही मिळून अडीच चौरस फुटांहूनही कमी जागा लागते. कोकणातल्या आणि जुन्या वाड्यांतल्या घरांना दोन झडपांची दारे असत, आणि अरुंद स्वयंपाकघरात ती आजही तितकीच सोयीची आहेत.

सरकते दार पुष्कळांना आवडते, आणि ओट्यापुढची वाट तीन फुटांहून कमी असेल तर ते योग्यही आहे. मात्र भिंतीच्या बाहेरून सरकणाऱ्या दाराला शेजारी त्याच्याच रुंदीएवढी रिकामी भिंत लागते. त्या पट्ट्यात स्विचबोर्ड, खुंटी किंवा मांडणी काहीही चालत नाही. शिवाय झडप आणि भिंत यांच्यामध्ये फट राहते, आणि झुरळांना ती पुरते. भिंतीच्या पोटात शिरणारे दार चार इंची विटांच्या भिंतीत बसत नाही. त्यासाठी दुहेरी पोकळ भिंत उभारावी लागते आणि रूळ बिघडला तर ती उघडावी लागते. घडीचे दार उघडल्यावर त्याच्या पाकळ्या चौकटीतच गोळा होतात आणि चार-पाच इंच रुंदी जाते, म्हणून प्रश्न ६ मधला हिशेब त्याला वेगळा लावावा. पडदा हा तात्पुरता उपाय आहे. फोडणीचा तेलकट धूर त्याच्यात मुरतो आणि उंदराला तो अडवत नाही.

८. दार आत उघडावे की बाहेर?

बाहेर. आत उघडणारी झडप निदान एका भिंतीच्या फळ्या अडवते, आणि आत कोणाला चक्कर येऊन तो दारामागेच पडला तर दार उघडता येत नाही. आतून उघडता न येणारी कडी कोठीला लावू नये. लहान मुले लपाछपीत अशाच खोल्यांत शिरतात. प्रश्न ७ मधल्या अरुंद वाटेखेरीज अपवाद एकच: दार गॅसच्या शेगडीसमोर किंवा घराच्या मुख्य वाटेवर उघडत असेल, तर सरकत्या दाराकडे वळावे.

९. पावसाळ्यात दार फुगते आणि धान्याला वास येतो. हवेसाठी दारात झरोका किंवा जाळी ठेवावी का?

जून ते सप्टेंबर मुंबईची हवा इतकी दमट असते की उघडा ठेवलेला मिठाचा सट दोन दिवसांत पाझरतो. अशा हवेत धान्य उघड्यावर ठेवून खोलीत कितीही वारा खेळवला, तरी धान्य ओलावा ओढतच राहणार. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात: धान्य, डाळी आणि पिठे घट्ट झाकणाच्या डब्यांत बंद ठेवावीत आणि खोलीतली हवा मात्र हलती ठेवावी, म्हणजे भिंतींवर बुरशी धरत नाही. दाराच्या खालच्या भागात आणि अगदी वर अशा दोन ठिकाणी जाळी ठेवली, तर हवा खालून आत आणि वरून बाहेर जाते. एकाच ठिकाणी ठेवलेल्या जाळीने हे साधत नाही. जाळी गंजरोधक तारेची आणि बारीक विणीची असावी. नायलॉनची जाळी उंदीर एका रात्रीत कुरतडतो. दार शेगडीच्या अगदी शेजारी असेल, तर खालची जाळी ठेवून वरची जाळी दुसऱ्या भिंतीत काढावी, नाहीतर कुकरची वाफ थेट आत जाईल.

दार फुगण्याचे कारण बहुतेकदा रंगात सापडते. सुतार आणि रंगारी झडपेच्या दोन्ही बाजू व्यवस्थित रंगवतात, पण वरची आणि खालची कड डोळ्यांना दिसत नाही म्हणून कोरी सोडतात. लाकूड पाणी पिते ते तेथूनच. दार बिजागऱ्यांवर चढवण्यापूर्वी सहाही बाजूंना रंग लागल्याचे स्वतः हात फिरवून पाहावे. चौकटीचा पाय रोजच्या ओल्या फडक्याने कुजतो. म्हणून तेथे ग्रॅनाइटची किंवा डब्ल्यूपीसीची (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाची) चौकट घ्यावी.

१०. कोठीला उंबरठा असावा का?

नसावा. हातात जड डबा असताना पाय दिसत नाही आणि ठेच लागते. उंबरठ्याच्या जागी झडपेच्या तळाला ब्रशची किंवा रबराची पट्टी बसवावी, कारण पाव इंचाच्या फटीतूनही लहान उंदीर-पिल्ले आत शिरू शकतात. फरशी बदलायची असेल, तर ती दाराआधी पूर्ण करावी. जुन्या फरशीवर नवी फरशी बसवली की जमीन पाऊण ते एक इंच वर येते आणि आधी बसवलेले दार खालून कापावे लागते; ती कापलेली कड पुन्हा कोरीच राहते.

११. फळ्या कडप्प्याच्या कराव्यात की प्लायवूडच्या?

तळच्या दोन फळ्या कडप्प्याच्या आणि वरच्या प्लायवूडच्या, अशी विभागणी आम्हांला पटते. कडप्प्याला वाळवी लागत नाही, तेल सांडले तरी पुसता येते, आणि तळाशी ओलावा सर्वांत जास्त असतो. प्लायवूड पाऊण इंची आणि आय.एस. ७१० (पाणी सोसणाऱ्या मरीन प्लायवूडच्या) मानकाचे घ्यावे. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड मुंबईच्या कोठीत वापरू नयेत, कारण कडेने ओल शिरली की ते फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. दर अडीच फुटांवर आधार नसेल, तर डब्यांच्या वजनाने फळी मध्ये वाकते.

फळ्यांमधले अंतर सारखे ठेवू नये. आपल्याकडचे डबे आधी मोजावेत: सर्वांत मोठ्या डब्याच्या उंचीत चार इंच मिळवून तळचा खण ठरवावा, लोणच्याच्या बरण्यांचा खण कमरेच्या उंचीवर ठेवावा, आणि रोजची मिसळणाची भांडी डोळ्यांसमोर येतील अशी मांडावी. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर पावसाचा मारा सर्वांत जास्त असतो. तिला फळ्या लावणे भागच असेल, तर भिंत आणि फळी यांच्यात दोन इंच मोकळे सोडावेत. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीचेही तसेच.

१२. वरच्या मजल्यावर एवढे वजन चालते का?

राहत्या घरांच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण दोनशे किलो वापराचा भार धरतात. आता पाहा: पाऊण इंची कडप्पा चौरस मीटरला पन्नास किलोंच्या आसपास भरतो. पाच फूट लांब आणि सव्वा फूट रुंद अशा पाच कडप्प्याच्या फळ्या एका भिंतीला लावल्या, की केवळ दगडाचे वजन दीडशे किलोंच्या घरात जाते. दोन भिंतींचे तीनशे किलो झाले, आणि धान्याचा एक दाणाही अजून आत आलेला नाही. वर्षाचे गहू, तांदूळ, डाळी आणि तेलाचे डबे एकाच कोपऱ्यात ठेवणाऱ्या कुटुंबाने हा आकडा इंजिनिअरला आधीच सांगावा. प्रश्न ११ मध्ये कडप्पा तळापुरताच सुचवण्याचे हेही एक कारण आहे.

१३. गॅसचा सिलिंडर किंवा पाइप कोठीत आला तर चालेल का?

नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास ती बंद खोलीच्या तळाशी साचते. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका असल्याने तो छताशी साचतो. दोन्ही बाबतींत बंद कोठी धोक्याची आहे. महानगर गॅसचा पाइप किंवा मीटर नव्या भिंतीच्या आत येत असेल, तर आखणी बदलावी किंवा कंपनीच्या अधिकृत माणसांकडून तो रीतसर हलवून घ्यावा. पाइप फळ्यांमागे झाकू नये.

१४. फ्रिज आणि घरघंटी आत ठेवता येतील का?

फ्रिज ठेवू नये. तो आपली उष्णता बाहेर टाकतो, त्यामुळे बंद खोली तापते आणि तेलातुपाला लवकर खवट वास येतो. घरघंटी ठेवता येते, पण दळताना दार उघडे ठेवावे, कारण पिठाची भुकटी सर्व डब्यांवर बसते आणि तिच्यातच टोके होतात. तिच्यासाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग घ्यावा आणि ती फळ्यांना चिकटवून ठेवू नये. थरथरीने बरण्या कडेला सरकत येतात.

१५. कांदे-बटाटे, लोणची आणि वर्षाचा मसाला कुठे ठेवावा?

कांदे-बटाटे बंद कोठीत नकोत आणि एकत्रही नकोत. दोघांनाही हवा लागते, आणि शेजारी ठेवले की दोन्ही लवकर खराब होतात. जाळीच्या टोपल्या दाराबाहेर ठेवाव्यात. लोणची, पापड आणि लालबागहून कुटून आणलेला मसाला कोठीतच, पण उजेडापासून दूर ठेवावा. तांबडा रंग उजेडाने उतरतो, म्हणून आतला दिवा दाराच्या स्विचवर घ्यावा, म्हणजे दार लावताच तो विझतो. गव्हाचे पोते कधीही थेट जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नये. खाली पाट आणि मागे वीतभर अंतर असावे.

१६. घर पागडीचे आहे. कोठी करता येईल का?

पक्की भिंत बांधायची असेल तर घरमालकाची लेखी संमती घ्यावीच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ नुसार लेखी संमतीशिवाय कायमचे बांधकाम करणे हे घर रिकामे करून घेण्याचे एक कारण ठरू शकते. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लाकडी पार्टिशन, दार, स्वयंपाकाचा ओटा अशी कामे, आवश्यक तेथे महापालिकेची परवानगी घेऊन केली असता, कायमच्या बांधकामात धरलेली नाहीत. म्हणून पागडीच्या घरात लाकडी पार्टिशन आणि त्यातच बसवलेले दार हा अधिक सुरक्षित मार्ग आहे. तरीही वकिलाला कागद दाखवून मगच काम सुरू करावे.

१७. वास्तुशास्त्राप्रमाणे कोठी वायव्येलाच हवी का?

सोय आणि दिशा जुळत असतील तर आनंदच आहे. दिशेसाठी बीम, कॉलम किंवा पाण्याचा नळ हलवू नये, आणि ओल येणारी भिंत केवळ दिशेला आहे म्हणून निवडू नये.

१८. काम केव्हा काढावे?

दिवाळीनंतर काढावे आणि मार्चअखेर संपवावे. नवे प्लास्टर सुकायला तीन-चार आठवडे लागतात, आणि एप्रिल-मेमध्ये धान्य, मसाले आणि वाळवणे घरात येतात, तेव्हा खोली कोरडी ठणठणीत असली पाहिजे. मे महिन्यात बांधलेली भिंत पावसाळाभर ओलीच राहते.

१९. आमची इमारत पुनर्विकासाला जाणार आहे. मग खर्च करावा का?

करार झाला असेल, तर भिंत बांधण्यावर पैसे घालू नयेत. सुट्या करता येणाऱ्या लोखंडी मांडण्या, बिजागऱ्यांसह उचलता येणारे दोन झडपांचे दार आणि लाकडी पार्टिशन एवढ्यावर भागवावे. भाड्याच्या घरात आणि नंतर नव्या घरातही ते लावता येते. मांडण्यांची रुंदी तीन फुटांच्या आत ठेवावी, म्हणजे त्या लिफ्टमध्ये मावतात. चर्चा नुसती चालू असेल आणि करार झालेला नसेल, तर दार आणि हवेची जाळी आत्ताच करून घ्यावी. फळ्या मात्र सुट्या ठेवाव्यात.